उतरता खांदा

पॅरिस, ८ जानेवारी १९६२

ती. जिनेतमावशीस,
एव्हलीनचा शि. सा. न. वि. वि.

तुझी कालवं पोचली. शिवणखान्यातल्या बायकांनी उभ्या उभ्या फस्त केली, मला दोनच मिळाली.

आता रडगाणं ऐक. आई गेल्यावरचा आमचा पहिला फॅशन शो पंचवीस तारखेला आहे. शेवटी नवरीचा झगा आल्याशिवाय शो पुरा होत नाही, हे तुला ठाऊकच आहे. मालक म्हणतात, ऑदेतबाईंच्या, म्हणजे आईच्या, हातची नवरी दाखवा, नाहीतर शिवणखाना बंद, नुसती अत्तरं विकू. इतक्या जणींच्या पोटाचा प्रश्न आहे गं!

आईच्या खोलीत नवरीचा मांजरपाटाचा कच्चा नमुना सापडला, तिच्याच टाचण्या लावलेला. पण डावा खांदा चांगला दोन बोटं खाली! आमच्या मुख्य शिवणकरीण यूगेतबाई त्याला हात लावू देत नाहीत. बाईंनी लावलेली टाचणी बाईंनीच काढायची, हा इथला कायदा. त्यांच्या मते ही बाईंची नवी फॅशन. झालं! बाकी सगळ्या कपड्यांचेही डावे खांदे उतरवून ठेवलेत. आमच्या मॉडेल मुली चालतात त्या जणू बाजारातून बटाट्यांची पिशवी घेऊन आल्यासारख्या.

तू तिची बहीण. तुला काही बोलली होती का? पत्राची वाट बघते.

तुझी (निदान आजवर तरी) लाडकी,
एव्हलीन

कांकाल, ११ जानेवारी

चि. एव्हलीनला मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं. अगं वेडाबाई, ती फॅशन कसली, तो माझा खांदा आहे! लहानपणी चेरीच्या झाडावरून पडले, हाड वाकडं जुळलं. सदा शाल पांघरून असते, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल.

गेल्या ईस्टरला तुझी आई इथे आली, तेव्हा कालवंवाल्या फेर्नांने मला नुकतीच मागणी घातली होती. मी तिला म्हटलं, या वयात, असल्या खांद्यावर नवरीचा झगा? लोक फिदीफिदी हसतील. तिने तोंडात टाचण्या धरून दुपारभर मला स्टुलावर उभं केलं. मला वाटलं, बाईला सुट्टीतही हाताला चाळा हवा. फेर्नांला मी नकार दिला. मग तुझी आई आजारी पडली आणि विषय तिथेच राहिला.

तेव्हा खांदे खुशाल सरळ करा. तुमच्या पोटापुढे माझं काय मेलं! डोळे भरून आलेत, अक्षर सांभाळून घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
जिनेतमावशी

पॅरिस, १४ जानेवारी

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र ऐकून यूगेतबाईंनी नाक शिंकरलं आणि सगळ्यांना खांदे उसवायला लावलं. नवरीचा झगा मात्र तसाच शिवतोय. त्या म्हणतात, ज्या अंगासाठी कापला त्याच अंगावर जाईल.

म्हणजे नवरी तू! तिकीट सोबत आहे. नाही म्हणालीस तर यूगेतबाई स्वतः तुला न्यायला येतील, आणि त्यांना गाडी लागते.

हसणाऱ्यांचं मी बघून घेईन. आईला तुला या झग्यात बघायचं होतं. मलाही बघायचंय. ये ना गं.

तुझीच,
एव्हलीन

कांकाल, २९ जानेवारी

चि. एव्हलीनला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मालकांनी शिवणखाना चालू ठेवला आणि तुझ्या हाती दिला, हे यूगेतबाईंच्या तारेने कळलं. फेर्नांने त्या आनंदात शेजाऱ्यांना फुकट कालवं वाटली.

खरं सांगू? पडद्यामागे मी शाल मागायला वळले, तर यूगेतबाई तिच्यावर बसलेल्या. मग काय, निघाले. एवढी माणसं, पण कोणी हसलं नाही. चालता चालता मी खांदा विसरलेच. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटी झगा करणारीने येऊन नवरीचा हात धरायचा असतो ना? तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी हात पुढे केला, आणि धरायला कोणीच नव्हतं. ऑदेत गेली हे मला तिच्या दफनाला कळलं नाही गं, ते तिथे कळलं. तेवढ्यात तू धावत आलीस, मनगटावर टाचण्यांची उशी तशीच, आणि माझा हात घट्ट धरलास. चांगलीच टोचली मेली ती उशी.

फेर्नांला मी हो सांगितलंय. लग्न मे महिन्यात. चर्चमध्ये हात धरून मला तूच ने.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मावशी