तू दोनदा सांगितलं होतंस

आई, तू गेल्यानंतर मी जन्मभर काचेच्या पट्टीवर लोकांच्या जठराच्या चकत्या तपासल्या. तुझ्या पोटावर मात्र एकदाही हात ठेवला नाही.

स्वातंत्र्य येऊन चारेक वर्षं झालेली. मी वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी, नंदाखालला आलेली. तू अंगणात सुकेळीसाठी सोललेली केळी वाळत घालतेस आणि मधेच पोट दाबून खाली बसतेस. "बाय, आत निखारा ठेवल्यासारखं होतं गं. वर्ष झालं." मी पुस्तकातून मान वर करत नाही. "उपाशी राहतेस, वर खारा बांगडा नि तिखट. आम्लपित्त आहे, सोडा घे." तू सोडा घेत राहिलीस. दिवाळीत पुन्हा म्हणालीस, दोन घासांतच पोट भरतं. मी चिडले. "काही नाही म्हणून सांगितलं ना? डॉक्टर मी होणार आहे की तू?" तू हसलीस. बाबा तुला वसईच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले तेव्हा म्हणालीस, "कशाला? आपल्या लेकीनं सांगितलंय." हे मला बाबांकडून कळलं, तू गेल्यावर. शेवटी मुंबईत तुझं पोट उघडलं, तेव्हा गाठ सगळीकडे पसरलेली; तसंच शिवून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कुणा अनोळखी माणसाचं जठर दाखवलं. सूज वर्षानुवर्षं राहिली की आतलं अस्तर झिजतं, भरून येतं, पुन्हा झिजतं. असं होता होता जठराच्या पेशी आतड्याच्या पेशींसारख्या दिसू लागतात, आणि त्यांतल्या काहींना मग वाढ थांबवताच येत नाही. सर म्हणाले, "हे एका दिवसात होत नाही. रोगी कधीपासून सांगत असतो." सगळे लिहून घेत होते. माझ्याने लिहवलं नाही. त्या काळी वेळेवर कळून तरी काय झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. कदाचित ते खरंही असेल. पण तुझं कुणी नीट ऐकलं तरी असतं.

माझ्या मुलांना, विद्यार्थ्यांना मी सांगत आले, आमच्या आईने दुखणं अंगावर काढलं, कधी बोलली नाही. ते हळहळतात, तुझ्या सोशिकपणाचं कौतुक करतात, आणि मी ते ऐकून घेते. हा कागद मुलांच्या हाती द्यायचा म्हणून लिहायला बसले होते. अजून धीर होत नाही.