पिवळ्या दुकानाविरुद्धची माझी भाषणे

परम आदरणीय ज्येष्ठ बंधू उबैदुल्ला आका यांना कोकंदहून धाकट्या हाकिमजानचा, छातीवर हात ठेवून आणि मान लववून सलाम. आपले गुडघे, आपला रक्तदाब आणि आपल्या कानातले ते यंत्र (जे वहिनी बोलू लागल्या की आपण काढून उशीखाली ठेवता, असे वहिनींनीच कळवले आहे) या सर्वांची खुशाली कळवावी. नमंगानची डाळिंबे यंदा फुटली की टिकली? नातवंडे शाळेत जातात की नुसतीच दप्तरे जातात? आपल्याला फोनवर ऐकू येत नाही, आणि मला फोनवर बोलताना समोर माणसे नसल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सर्व कुशल आहे, असे लिहिण्याची रीत असल्यामुळे लिहितो. वास्तविक काहीही कुशल नाही. आपली बहीण सनोबर आपा दुकान बंद करून मुलाकडे रशियात कोस्त्रोमाला जायचे म्हणते आहे.

आका, त्या दुकानात आहे तरी काय, असे आपण विचाराल. घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी पाडलेली, आत साखर, मीठ, चहा, साबण, दोरा, काडेपेट्या आणि कण्हणारा एक फ्रीज. पण भावोजी गेल्यापासून आपा त्याच खिडकीत बसून साऱ्या मोहल्ल्याचा संसार तोलत आली आहे. आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून, विशेषतः माझी बायको सलीमाखान गेल्यापासून, रोज दुपारी त्या फ्रीजशेजारच्या तांदळाच्या पोत्यावर बसून तिच्याबरोबर हिरवा चहा पितो. साऱ्या दिवसात मला उलट उत्तर देणारे माणूस तेवढे एकच उरले आहे. ती गेली तर मी काय करू? भिंतीशी बोलू? भिंतीला इतिहासाची आवड नाही.

हे सगळे झाले त्या पिवळ्या दुकानामुळे. त्याचे खरे परदेशी नाव मी लिहिणार नाही, माझी लेखणी इतकी पडलेली नाही. जुन्या सिनेमागृहाच्या जागी काचेची दारे बसवून, साऱ्या जगात स्वस्त विकणाऱ्या त्या कंपनीने आपल्या देशातली पहिली पावले टाकली, आणि त्यातले एक पाऊल नेमके आमच्या गल्लीच्या तोंडावर पडले. आत फळ्या नाहीत, मांडणी नाही. खोकी फाडायची आणि तशीच जमिनीवर ठेवायची. पिशवी गिऱ्हाईकाने घरून आणायची, हमालीही गिऱ्हाईकानेच करायची, आणि गल्ल्यावरची मुलगी आपण घेतलेला माल आपल्याकडे अशी ढकलते, की जणू आपणच चोरून आणला होता. खरबुजांना जाळीचे कपडे घालून ठेवतात. टिचकी मारून पाहायची सोय नाही! ज्या खोऱ्यात बाप मुलाला चालायच्या आधी खरबुजावर टिचकी मारायला शिकवतो, त्या खोऱ्यात!

पण ऐका, आका, इथेच माझ्या दुर्दैवाची सुरुवात आहे. पहिल्या आठवड्यात तिकडे कोणी फिरकलेच नाही. दारे आपोआप उघडतात म्हणून लोकांना ती बँक वाटली. दोन म्हाताऱ्या काय त्या आत गेल्या, आणि फरशी इतकी स्वच्छ, की पायातले रबरी गलोश दाराबाहेर काढून नुसत्या पायमोज्यांनी गेल्या. बाहेर येऊन पाहतात तो दाराने गलोश आत-बाहेर, आत-बाहेर असे ढकलून पार रस्त्यावर नेलेले. त्या दिवसापासून म्हाताऱ्यांनी त्या दुकानाचे नाव टाकले. मी तेव्हा गप्प बसलो असतो तर कदाचित ती कंपनी हिवाळ्याआधी गाशा गुंडाळून गेली असती. पण गप्प बसणे माझ्या रक्तात नाही, हे आपण जाणता (आपल्या लग्नातले माझे भाषण आपल्या सासऱ्यांच्या अजून लक्षात आहे, असे कळते).

मी चायखान्यात उभा राहिलो. हातात त्यांचेच पिवळे पत्रक घेतले, कारण शत्रूला त्याच्याच शब्दांनी फाडावे असे माझे मत आहे. मी म्हणालो, बंधूंनो, ज्या भावात तुमच्या जिभेचा वाटा नाही तो भाव नव्हे, तो हुकूम आहे. घेणारा आणि विकणारा दोन वेळा भांडतात, तिसऱ्यांदा हसतात, शेवटी एकमेकांना बरकत चिंततात, आणि त्या भांडणातच हे शहर उभे राहिले आहे. मी म्हणालो, ती नान पाहा! प्लॅस्टिकच्या कफनात गुंडाळलेली, आणि वर तिच्या मरणाची तारीख छापलेली! लोकांचे डोळे विस्फारले. मला वाटले, पेटले.

तेवढ्यात मागच्या चौथऱ्यावरून एर्गाश कसाई म्हणाला, "मास्तर, तेल कितीला म्हणालात?"

मी भाव वाचला. ज्या तिरस्काराने वाचला, त्या तिरस्काराने कोकंदमध्ये आजवर कोणी तेलाचा भाव वाचला नसेल.

"आणि साखर?"

साखरेचाही वाचला.

"लुटारू आहेत की हो," एर्गाश शेजाऱ्याकडे बघत म्हणाला. "किती वाजता उघडतं म्हणालात हे लुटारूंचं?"

आका, मी वेळही सांगितली. मला वाटले, गडावर चाल करून जाण्याआधी बातमी काढताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा चायखाना आपाच्या खिडकीपुढून तेलाच्या बाटल्या छातीशी धरून परत येत होता, आणि प्रत्येक जण मला पाहून आदराने मान लववत होता. संध्याकाळपासून शेजारपाजारची पोरे त्या दुकानात जाऊन "मरणाची तारीखवाली नान द्या" असे मागू लागली. माझा अलंकार, आका! माझ्या अलंकाराचा त्यांनी माल केला!

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवे होते. पण पराभवाने खचतो तो वक्ता कसला? पुढच्या आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या घरी लग्नाचा पहाटेचा पुलाव होता. आपल्याकडे पुलावाला येणारी पुरुषमंडळी जेवून, हात उंचावून दुआ मागून लगेच पांगतात, हे माहीत असल्यामुळे मी कढईचे झाकण उघडायच्या आधीच उभा राहिलो. पोट रिकामे असले की माणूस नीट ऐकतो. त्या दिवशी मी कधी नव्हे इतका चांगला बोललो, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरे कोणी सांगायला उरले नाही. विधवेच्या खिडकीबद्दल बोललो तेव्हा पुढच्या रांगेतले म्हातारे डोळे पुसत होते. (एर्गाश म्हणतो ते कांद्यामुळे. कांदा तेव्हा केव्हाच तळून झाला होता.) पुलाव झाला, दुआ झाली, आणि ते सगळे लोक, ओठांवर चरबी तशीच, सरळ पिवळ्या दुकानाच्या दिशेने निघाले. मागोमाग नवऱ्या मुलाचा बापही. मी त्याला बाहीला धरून विचारले, तर म्हणाला, "मास्तर, तुम्ही एवढं पोटतिडकीने सांगितलंत, आता बघायला नको?"

त्यानंतर कहरच झाला. त्या दुकानाचा मॅनेजर आमच्या दारात आला. तोमास त्याचे नाव, गाल बटाट्यासारखे, वय माझ्या पेन्शनच्या फायलीहून थोडेच जास्त. बरोबर दुभाषी म्हणून आपल्या शाळेतली मावलूदा, जिला मी सहा वर्षे सनावळ्या शिकवल्या आणि एकही आली नाही. आता दारात आला तो पाहुणा. शत्रू असला तरी दस्तरखान मांडायलाच हवे. आपाने आपल्याच दुकानातले बदाम, मनुका, बिस्किटे, चेरीचा मुरांबा मांडला, चहा मानाने अर्धा-अर्धा पेला ओतला. (काठोकाठ भरून ओत, म्हणजे निरोप समजून लवकर जाईल, असे मी तिला खुणेने सुचवले. तिने डोळे वटारले.) मी मात्र गर्जना केली, "मावलूदा, सांग त्याला, की तू एका विधवेच्या तोंडचा घास काढतो आहेस!"

मावलूदा त्यांच्या भाषेत दोन-तीन शब्द बोलली. तो हसला आणि त्याने छातीवर हात ठेवला.

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला फार आनंद झाला, असं सांगितलं, मास्तर. घरी आलेला माणूस आहे ना."

मग तो बोलला, आणि तिने मान खाली घालून भाषांतर केले. त्याचे म्हणणे असे, की या गावात जाहिरातीवर ओतलेले पैसे सगळे वाया गेले होते, वरून बोलावणे यायचीच वेळ आली होती, आणि तेवढ्यात मी देवासारखा धावून आलो. तर आता एक नम्र विनंती होती. माझे पुढचे भाषण कधी आणि कुठे आहे हे दोन दिवस आधी कळले, तर तेल जास्त मागवून ठेवता येईल.

मी त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावले. चायखान्यात जातो, पेल्याकडे बघतो, परत येतो. तर माझ्या मौनाचाही अर्थ लावला लोकांनी: मास्तर गप्प झाले, म्हणजे त्यांनाही पटले! जी पाच-दहा घरे माझ्या शब्दाखातर अजून आपाकडे येत होती, तीही निर्धास्त होऊन तिकडे गेली. बोललो तर बुडवतो, गप्प बसलो तर बुडवतो. आका, रोमपासून चीनपर्यंतचे साम्राज्यांचे अंत मी वाचले आहेत. पण स्वतःच्या बहिणीच्या दुकानाचा अंत स्वतःच्याच तोंडाने घडवणारा माणूस मला कुठल्याच ग्रंथात भेटला नाही.

शेवटी काल दुपारी मी पोत्यावर बसून आपाला म्हणालो, की मी नवे भाषण रचतो आहे, या वेळी भाव वाचणार नाही. ती मनुका निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाकिम, बाया तिकडे का जातात ठाऊक आहे तुला?"

"स्वस्त म्हणून. लोभ! लोभानेच—"

"तिकडे मीठ मागितलं की मीठ मिळतं. इकडे मीठ मागितलं, की आधी खानांच्या काळी मिठावर कर किती होता ते ऐकायचं, मग तो कोणी बसवला ते ऐकायचं, आणि मग मीठ. परवा ती गुलबहार काडेपेटी न्यायला आली. तू तिला रेशमाच्या रस्त्यावरून पार समरकंदापर्यंत नेलंस. तिचा घरचा तंदूर थंड पडला. पुन्हा आली का?"

"पण तिला आवडत होतं! ती मान हलवत होती!"

"ती दाराकडे बघत होती, रे."

मी चहा तसाच ठेवून उठलो. आता अधिक काय लिहू? आपण तिघांत थोरले, आपल्याला सगळे कळते. आपले गुडघे देव दणकट ठेवो, वहिनींच्या हाताला बरकत देवो, नातवंडांना निदान एखाददुसरी सनावळी येवो.

आपला पराभूत धाकटा भाऊ,
हाकिमजान

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. नवरोजपर्यंत मी आपल्याकडे राहायला येऊ का? माझे बसायचे पोते रिकामे दिसले तर बाया परततील, आणि बाया परतल्या तर आपा जाणार नाही. मी जागा फार घेत नाही. पहाटे उठतो, जे वाढाल ते खातो. दुपारी थोडा बोलतो, तेव्हा आपण कानातले यंत्र खुशाल काढून ठेवा. मी मनाला लावून घेणार नाही, फक्त अधूनमधून मान हलवत जा.

दुसरा ता. क. आताच समजले, की ते पिवळे दुकान नमंगानलाही उघडते आहे, आपल्याच घराच्या मागे. मी काही म्हणणार नाही. तरीही आपल्याकडच्या चायखान्यात साधारण किती माणसे बसतात, तेवढे उलट टपाली कळवावे.

आका, मी सनोबर. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, पाकीट उघडंच होतं. त्याला ठेवून घ्या, चार दिवस हवापालट होऊ दे. दुकान मंदावलंय हे खरं, पण माझ्या एका पोटाला पुरतं. कोस्त्रोमाला मी कुठेही जात नाही, तिथल्या बर्फात माझं काय ठेवलंय? एका दुपारी तो दम घ्यायलाही थांबेना, म्हणून ‘मी जाते मुलाकडे’ असं तोंडातून निघून गेलं, आणि तो चक्क गप्प झाला. पण हे त्याला एवढ्यात सांगू नका. मी राहणार हे कळलं तर त्याला इतका आनंद होईल, की तो त्याच्यावर भाषण करेल, आणि मग मला खरंच जावं लागेल.