गुनवोरच्या तुळया

३ जून १८९४
बर्फाने परत आवळलं. आमचं जहाज, 'गुनवोर', सकाळपासून कण्हतंय. खाली जाऊन तिच्या पोटातल्या आडव्या तुळया तपासल्या — एकही हललेली नाही. माझ्या, सिवर्ट सुताराच्या, हातच्या आहेत, हलतील कशाला!

५ जून
काल बर्फ फाटला आणि बाहेर ठेवलेल्या सगळ्या स्लेज, बर्फावरून ओढायच्या गाड्या, पाण्यात गेल्या. आज आमचा म्हातारा स्वयंपाकी अनफिन डेकवर घसरला, मांडीचं हाड मोडलं. खाणं पंधरवड्याचंच उरलंय. सामानाने खच्चून भरलेली होडी ओढत मोकळ्या पाण्यापर्यंत चालत जायचं ठरलं. मोडक्या पायाचा माणूस चालणार कसा?

६ जून
कॅप्टननी बोलावलं. "सिवर्ट, अनफिनसाठी स्लेज कर."
लाकूड कुठून आणू? डोलकाठ्या हिवाळ्यात चुलीत गेल्या. लांब, सरळ लाकूड म्हणजे फक्त त्या तुळया.
"त्या काढल्या तर बर्फ हिचा चुरा करेल," मी म्हणालो. "थोडं थांबू. बर्फ सुटेल."
"आणि नाही सुटला तर?"
त्यांनी दिलेली कॉफी तशीच ठेवून उठलो.

७ जून
अनफिन मलाच समजावतोय. "सुतारबुवा, मला ठेवून जा इथे. इतकी वर्षं ते पाणचट सूप पाजलं तुम्हाला, त्याची शिक्षा समजा."
"गप पड, थेरड्या," म्हणालो. बाहेर येऊन रडलो.

८ जून
करवत लावली.

१० जून
स्लेज झाली. निघण्याआधी आम्ही सगळ्यांनी गुडघ्यावर बसून गुनवोरची जमीन घासली. आमच्या गावी सोडायचं घर घाण ठेवत नाहीत. अनफिन स्लेजवर पडल्या पडल्या ओरडत होता, "तो कोपरा राहिला! आयांनी काही शिकवलं नाही का तुम्हाला?"

११ जून
अजून नजरेच्या टप्प्यात होतो. दुपारी गुनवोर मधोमध मोडली. टोप्या काढून उभे राहिलो. मग परत दोर खांद्यावर घेतले.

१५ जून
वारा फिरला. बर्फ आपोआप सुटला — दक्षिणेला नजर पोचेल तिथवर पाणी! गुनवोर असती तर शिडाशिवायही वाहत बाहेर आली असती. कोणी कोणाकडे बघेना. होडी पाण्यात लोटली.
अनफिनने माझी बाही धरली. "सिवर्ट, खरं सांग. तुळया असत्या तर ती टिकली असती ना?"
"नाही रे. सांधे कच्चे होते. माझंच काम कच्चं."
"तरीच," म्हणाला, आणि किती दिवसांनी शांत झोपला.