आधी श्वास, मग फुगे

१२ जून

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसलेय, तेव्हा आधी पोटभर रागावून घे. फोनवर बोलायची सोय नाही. तुझे कान फोनला दाद देत नाहीत, आणि दादाला मध्ये घातलं की तो माझं एकेक वाक्य तुला ओरडून सांगतो, सगळ्या जिन्याला ऐकू जातं.

पीएचडीचं तिसरं वर्ष लागलं तरी माझं घोडं अडलेलंच आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या मुलांची फुफ्फुसं पुढे पाच-सहा वर्षांची झाली तरी नाजूक राहतात, हे तुला मी काय सांगणार! ती किती नाजूक आहेत ते नुसत्या श्वासावरून ओळखता येईल का, हे मी शोधतेय. मुलाने मास्क लावून तीन मिनिटं शांतपणे श्वास सोडायचा, तो पिशवीत भरायचा आणि मशीनला द्यायचा. कागदावर किती सोपं! पण ही पोरं मास्क बघितला की टाहो फोडतात. जन्मल्या दिवसापासून नाकातोंडात नळ्या सोसल्यात बिचाऱ्यांनी. तुलनेसाठी शेजारच्या शाळेतली धडधाकट मुलं येतात, ती हसत मास्क लावतात आणि हसत जातात. माझ्या पोरांत एक आहे, मला बघितलं की मान सदऱ्यात ओढून घेतो. मी त्याला कासव म्हणते. तीन खेपा झाल्या, एक श्वास मिळालेला नाही.

चौतीस वर्षं तू मुलांच्या वॉर्डात नर्स होतीस. काय करायचीस गं? खरंच सांग, माझ्या नाकी नऊ आलेत.

तुझी वैतागलेली
भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागावले. झालं. आता ऐक.

तू आल्या आल्या मास्क पुढे करत असणार. लहानपणापासून अशीच, दूध उकळायच्या आत पातेलं उतरवणारी. आमच्याकडे ऑपरेशननंतर मुलांनी लांब श्वास घ्यावा म्हणून मी त्यांना साबणाचे फुगे उडवायला द्यायचे. डॉक्टर आधी नाकं मुरडायचे आणि नंतर गुपचूप माझ्याकडेच बाटली मागायचे. फुगा मोठा करायचा तर हळू आणि लांब फुंकावं लागतं, आणि तुला तेच हवंय ना? दहा मिनिटं फुगे, मग मास्क.

बाजारातलं पाणी अगदी भिकार असतं, म्हणून घरीच करून बारा बाटल्या पाठवतेय. वासाचा साबण किसून घातलाय, पोरं वासावर खूश असतात. पार्सल बांधताना तुझ्या दादाने एक बाटली सांडली, त्याचं टेबल अजून घमघमतंय. शाळेतल्या मुलांना मात्र देऊ नकोस. ती मुकाट्याने मास्क लावतात ना? मग उगाच संपवून ठेवतील.

जेवत जा. माया आहे ती आहेच, तू दोन ओळी लिहिल्यास तर म्हातारीला बरं वाटतं.

तुझी आत्या

९ नोव्हेंबर

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

आत्या, तुला कडेवर घेऊन नाचावंसं वाटतंय! चौतीस पोरांचे श्वास मिळाले. आता दारातूनच फुगे मागत येतात. आणि मशीन काय म्हणतं माहितेय? शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ते बरोबर ओळखतं, हे मूल आधी जन्मलेलं, हे शाळेतलं. आमच्या सरांनी तीन वर्षांत मला बस म्हटलं नव्हतं, परवा स्वतः खुर्ची ओढून दिली. फेब्रुवारीतल्या मोठ्या परिषदेत मी बोलायचंय.

एकट्या कासवाचं उत्तर चुकलं. त्याने बाटलीकडेही पाहिलं नाही. शेवटी आईच्या मांडीवर झोपला तेव्हा हळूच मास्क धरला. जिना चढताना ज्याला धाप लागते, त्याला मशीन ठणठणीत म्हणालं. सर म्हणाले, एखादा निसटतोच.

बाटल्या संपत आल्यात, आणखी पाठव. आशीर्वादात कंजूषी नको.

तुझी
भिंगरी

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाच आणि फाडून टाक. फोन करत नाही त्याचं कारण तुझा आवाज.

दादा, माझी तीन वर्षं पाण्यात गेली. आमचे मशीनवाले काका, म्हणजे जे मशीन चालवतात ते, त्यांच्या सात वर्षांच्या लेकीचा श्वास आम्ही धडधाकट मुलांत घेतला. शर्यतीत पहिली येणारी मुलगी. माझी वाट बघता बघता ती खिडकीत ठेवलेल्या बाटलीतले फुगे उडवत बसली होती. मशीनने तिची फुफ्फुसं आजारी ठरवली. काका मला न सांगता सकाळी उठून तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काही नव्हतं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले की तू हे काय बनवलंयस ते एकदा बघ. आदल्या रात्री त्यांच्या घरात कुणी जेवलं नव्हतं.

मी वही काढली. फुगे कुणी उडवले? आजारी मुलांनी. कुणी नाही उडवले? शाळेतल्यांनी, आणि कासवाने. बाटलीचं झाकण उघडून तिचीच वाफ मशीनला दिली. बाटलीलाच फुफ्फुसाचा आजार निघाला! मी आधी हसले आणि मग जिन्यात बसून रडले. मशीन आजार ओळखतच नव्हतं रे, साबण ओळखत होतं. कसली मी संशोधक! एवढा घमघमाट नाकासमोर होता आणि मला दिसला नाही.

नऊ दिवसांवर परिषद आहे. सर म्हणतात, एका मुलीपायी एवढं घाबरू नकोस, तिचं नाव यादीतून काढ आणि बोल, बाकीचं नंतर बघू. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच करावंसं वाटायला लागलंय. मुदत जूनमध्ये संपते. परत सगळं करायला कुठून वेळ आणू?

आत्याला यातलं अक्षरही कळता कामा नये. तिने हौसेने केलं होतं. ती मनाला लावून घेईल.

भिंगरी

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पाकिटावर दादाचं नाव होतं, पण अक्षर तुझं होतं. या घरात तुझं अक्षर मी फोडते, आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. दादाला बोलू नकोस, तो तेव्हा ऑफिसात होता.

साबणाचं पाप माझं. शाळेतल्या मुलांना देऊ नको हेही मीच लिहिलं होतं. वाईट वाटलं, फार वाटलं, दुपारचं जेवण गेलं नाही. पण तू ते माझ्यापासून लपवलंस याचा राग त्याहून मोठा आहे. मी काय काचेची आहे? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलाचं औषध दुसऱ्याला पाजलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. मी स्वतः जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. मूल वाचलं, कारण वेळेत कळलं. ही गोष्ट तुझ्या वडिलांनाही माहीत नाही.

आता तुझ्या सरांचं. उद्या तुझ्या मशीनने कासवाच्या आईला सांगितलं की पोरगं ठणठणीत आहे, तर ती त्याचा श्वासाच्या औषधाचा पंप कपाटात ठेवून देईल. हे तुला चालणार आहे का? मला पत्राने कळव, चालणार असेल तर मी बोलणं संपवते.

नसेल चालत, तर सगळ्यांना परत बोलाव. आधी श्वास, मग फुगे. श्वास दिला की बाटली घरी न्यायची. येतात की नाही बघ.

या वेळी माया-बिया काही लिहीत नाही. आधी उत्तर दे.

आत्या

३० जून

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

नाही चालणार, एवढं तुला तेव्हाच कळवलं होतं. पुढचं आज लिहितेय.

परिषदेतून नाव काढून घेतलं. पंधरा दिवस सर समोरून आले की भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. सहा महिने वाढवून मिळालेत, तेही काकांनी माझ्यासाठी त्यांच्याशी भांडण काढलं म्हणून. चौतीसपैकी सत्तावीस पोरं परत आली. उत्तर काय आलं विचारशील तर शंभरात अडुसष्ट. अडुसष्ट! डोळे मिटून सांगितलं तरी पन्नास येतात. एवढ्यासाठी मी केस पांढरे केले का? कधी कधी वाटतं, सगळं बांधून माळ्यावर टाकावं.

पण कासव आला. आईचा हात सोडून आत आला, मास्क स्वतः ओढून तोंडाला लावला आणि तीन मिनिटं माझ्याकडे टक लावून श्वास सोडत राहिला. पिशवी भरल्यावर मास्क काढला आणि बाटलीसाठी हात पुढे केला. या वेळी मशीनने त्याला बरोबर ओळखलं.

सर म्हणतात, चूकही प्रबंधात लिही, एक अख्खं प्रकरण. पाण्यात काय काय होतं, कुणी बनवलं, सगळं द्यावं लागतं. तुझं नाव मी घालणार नाही, नुसतं घरगुती म्हणून सुटेन. पण माप तेवढं खरं खरं लिहून पाठव.

तुझी
भिंगरी

७ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माप असं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन मोठे चमचे, एक चमचा साखर, आणि वासाच्या साबणाच्या वडीचा पाव भाग किसून. किसणी तीच, स्वयंपाकघरातली. हेही लिही, लाजू नकोस.

बिनवासाच्या बारा बाटल्या पाठवल्यात. प्रत्येक बाटलीचा एकेक फुगा गॅलरीत उभी राहून उडवून पाहिला. सातव्याला मला दम लागला आणि समोरच्या बाईंनी दादाला विचारलं की तुमच्या आत्या बऱ्या आहेत ना. बाटल्यांतल्या दोन कासवाच्या.

अडुसष्ट तर अडुसष्ट. खरे आहेत ना? मग रडू नकोस, कामाला लाग.

आणि माझं नाव घालायचं. पूर्ण घालायचं, पुढे निवृत्त परिचारिका असंही लिहायचं. उद्या दुसरी एखादी भिंगरी तिच्या आत्याचं ऐकून वासाचा साबण किसायला बसली, तर तिला ते वेळेत कळायला हवं.

माया नेहमीची, शिवाय मागच्या वेळची राहिलेली.

तुझी आत्या