थोरा मावशीचा वाफा आणि माझी चोरी

१९ मे

तीर्थरूप थोरा मावशी,

नमस्कार. आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल क्षमा माग. (म्हणजे मी मागते. पहिल्याच वाक्यात चूक झाली, पण खोडत नाही; या वर्षी पुष्कळ काही खोडून झालं आहे.) खुब्याचं दुखणं कसं आहे? ॲबरडीनला लेकीच्या चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो का, की अजून समोरच्यांची धुणीच दिसतात?

न लिहिण्याचं कारण तुझं जातानाचं वाक्य. बेट सोडून बोटीवर चढताना तू म्हणालीस, "मेरन, वसंतात फाटकाजवळचा वाफा जिवंत असला तर मी परत येईन. नसला तर समजेन, घराला मी नको आहे." तू हसत म्हणालीस, पण तुझ्या हसण्यावर मी कधीच विसंबलेले नाही. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत मी तुझा वाफा उपटून टाकला.

हो, उपटला. तुझी बुटकी, दबून बसणारी झाडं मला फार साधी वाटली. मी शिकलेली बाई. वारा, थंडी, उंची, रंग असा चार रकान्यांचा तक्ता केला आणि रंगाच्या रकान्यावर भाळून कमरेएवढी वाढणारी, निळ्या फुलांची डेल्फिनियम मागवली. तुझी झाडं भिंतीपलीकडे समुद्रात गेली. नव्या पाहुण्यांना वारा लागू नये म्हणून फळ्यांचं सलग कुंपण ठोकलं. शेजारचे टॅमस रेंडल बघत उभे होते. म्हणाले, "अगं, वाऱ्याला दार बंद केलंस की तो डोक्यावरून उडी मारून येतो, आणि चिडून येतो. मासेमारीची जुनी जाळी देतो, ती लाव. चाळून येऊ दे त्याला." मी नको म्हटलं. जाळं दिसायला बरं दिसलं नसतं. जानेवारीच्या वादळानंतर कुंपण त्यांच्याच शेतात सापडलं. त्याच्या आडोशाला एक मेंढी निवांत रवंथ करत होती. वाफ्यात खारट काळा चिखल उरला होता. वाफा उपटला त्या दिवसापासून तुझी पत्रं मी फोडून वाचायचे आणि उत्तर लिहायला बसले की उठायचे.

एप्रिलमध्ये टॅमसची बायको जेसीना बादली घेऊन आली. तिच्या परसातल्या जिरेनियमचे गड्डे, जमिनीला चिकटून वाढणाऱ्या थ्रिफ्टच्या गाद्या, पानावर पाण्याचा थेंब तोलून धरणारं ते एक झाड. मी म्हणाले, "जेसीना, फार उपकार झाले."

तिने बादली उचलली. "झालं! आता जगायचं नाही यातलं काही. रोपाचे उपकार मानतात का कोणी?"

"मग काय करू?"

"काय म्हणजे? सगळे करतात तेच. माझ्या परसातून चोर. मी आत चहा घेते, मला काही दिसत नाही."

मावशी, मी चाळीस वर्षांत वाचनालयाचं पुस्तकसुद्धा उशिरा परत केलेलं नाही. पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत जाऊन परतले. दुसऱ्या दिवशी दार वाजवून विचारलं की, कुठलं चोरलं तर चालेल. ("मेरन, चोराने यादी मागायची नसते गं! कॉलेजात हेच शिकवलं का तुला?") तिसऱ्या दिवशी चोरलं, पण काय काय नेलं त्याची चिठ्ठी ठेवून आले. चिठ्ठी फाडून माझ्या फाटकाखाली सरकवण्यात आली. चौथ्या दिवशी, अंगाला घाम फुटलेला असताना, चिठ्ठीशिवाय चोरलं. टॅमसची जाळीही लावली.

सगळं जगलं. कालच्या वाऱ्यात माझी टोपी समुद्रात गेली, पण थ्रिफ्टचं एक पान हललं नाही. मी वाफ्यासमोर बादली पालथी घालून बसले आणि मोठ्याने हसले. जेसीना भिंतीवर कोपर टेकून म्हणाली, "एवढं काय त्यात? थोराचीच तर झाडं ती. तीस वर्षं तिच्या वाफ्यातून मीच चोरत आले. मी आले की खिडकीकडे पाठ करून चहा ओतायची ती."

तेव्हा मावशी, तुझाच वाफा तुझ्या दारात परत आला आहे. केवढं ओझं उतरलं!

तुझी,
मेरन

ता. क. "सगळं जगलं" हे तपासून पाहिलं. थेंबवालं तेवढं जगेल की नाही, अजून शंका आहे. आणि फूल एकही नाही. मी नुसत्या कळ्या पाहून हे सगळं लिहिलं.

ता. क. २ फुलं येईपर्यंत हे पत्र टाकायचं नाही असं ठरवलं होतं. आता वाटतं, पुरावा जमेपर्यंत माणसाला घराबाहेर ठेवण्याचा मला काय हक्क? आणि उगीच बोलते आहे, मावशी. वाफा मेला असता तरी मला तू हवी होतीस. हेच एक वाक्य ऑक्टोबरात लिहायचं राहिलं. ये.

उद्याचं काम: ॲबरडीनहून इकडे येणाऱ्या बोटीचं तिकीट काढणे. एकाच बाजूचं.