दोन खिडक्यांमध्ये अडकलेल्या दोन खोल्या

प्रति,
माननीय मुख्य अधिकारी,
गृहवाटप कार्यालय, संगणक विभागासह.

विषय : नोंदींना लागणाऱ्या कुलपांमुळे खिडकीपाशी ताटकळावं लागतं ते कमी करणेबाबत, तसेच अर्जदाराच्या मूळ मागणीत थोडा बदल करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा खोली बदलून मिळण्याचा अर्ज. २) तळमजल्यावरच्या घड्याळवाल्यांचा तसाच अर्ज. ३) आपल्या पडद्यावरचं वाक्य, "नोंद वापरात आहे, कृपया थांबा."

महोदय,

१. अर्जदार ही चौथ्या मजल्यावर राहणारी आजी आहे. तिचे गुडघे मात्र तळमजल्याचे आहेत. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ एकटेच राहतात. त्यांच्या खोलीत उजेड येत नाही, त्यामुळे बारीक स्क्रू हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. तिला खाली यायचंय, त्यांना वर जायचंय. इतकं सरळ काम दुसरं नसेल असं वाटून दोघांनी एकाच सकाळी अर्ज दिले. वरच्या मजल्यांची खिडकी वेगळी, खालच्यांची वेगळी, म्हणून अर्जदार पहिल्या खिडकीवर गेली आणि घड्याळवाले दुसऱ्या. तिथेच माशी शिंकली.

२. पहिल्या खिडकीच्या बाईंनी अर्जदाराच्या खोलीची नोंद उघडली. बदल करायला नोंद उघडली की संगणक तिला कुलूप लावतो आणि काम सेव्ह होईपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ते योग्यच आहे. नाहीतर एका खोलीत दोन बिऱ्हाडं घुसतील. मग बाईंनी घड्याळवाल्यांची नोंद मागितली. ती दुसऱ्या खिडकीच्या भाऊंनी आधीच उघडून कुलपात घातली होती, आणि ते अर्जदाराच्या नोंदीची वाट बघत बसले होते. बाई भाऊंसाठी थांबल्या, भाऊ बाईंसाठी थांबले. मध्ये एक भिंत, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. बऱ्याच वेळानं दोन्ही पडद्यांवर "वेळ संपली" असं यायचं, कुलपं सुटायची, आणि दोघंही नव्या हुरुपानं एकदमच पुन्हा सुरुवात करायचे. पुन्हा तेच. या गाठीत दोष दोघांचाही नाही.

३. या ताटकळण्याची आपणास कल्पना यावी म्हणून नमूद करण्यात येतं की, अर्जदारानं बाकावर बसून नातीसाठी मफलर विणायला घेतला. तो पहिल्या खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत पोचला, तिथून वळसा घालून दाराबाहेर गेला, आणि आता लोक त्यालाच धरून रांग लावतात. घड्याळवाल्यांच्या उघड्या छत्रीत कबुतरानं अंडी घातली, पिल्लं निघाली, थोराड झाली, आणि त्यातल्या एकानं खोलीसाठी अर्जही केला, हे अर्जदार शपथेवर सांगायला तयार आहे. भिंतीवरचं घड्याळ लाजून बंद पडलं होतं. घड्याळवाल्यांनी ते बसल्या बसल्या चालू करून दिलं, तर शिपाई म्हणाला, बंदच बरं होतं.

४. अर्जदाराची नात एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. तिला एक दिवस बाकावर आणून बसवलं. आपल्या कार्यालयानं आजवर केलेला उपाय, म्हणजे वाढवलेले बाक, तिला कौतुकानं दाखवले. ती म्हणाली, "आजी, बाक वाढवले की रांग आरामात बसते. हलत नाही."

तिचं म्हणणं असं, की आधी कोण कुणासाठी अडलंय ते बघावं. डेटाबेसला विचारलं तर तो स्वतःहून सांगतो. रांगेच्या शेपटाकडच्यांवर खेकसून काही होत नाही, डोकं शोधावं लागतं. डोक्याशी बहुतेक वेळा पहिल्या खिडकीच्या बाईच सापडतात. त्या आधी नोंद उघडतात, मग फोटो मागतात, फोटो नसला तर माणसाला घरी पिटाळतात आणि स्वतः चहाला जातात. नोंद तशीच कुलपात. तर कागद सगळे आधी बघावेत. नोंद शेवटी उघडावी, लिहावी, सेव्ह करावी, मग खुशाल चहा घ्यावा.

शिवाय आपल्याकडे खोली क्रमांकाची सूचीच केलेली नाही. एक खोली शोधायला संगणक साऱ्या इमारतीची दारं ठोठावत जातो आणि प्रत्येक दाराला कुलूप घालत जातो. त्यापायी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची नळदुरुस्तीची नोंदही अडकली. आपला नळ आजीमुळे गळतोय असं त्या जिन्यात सांगत फिरतात. सूची केली तर फक्त हव्या त्या दारालाच कुलूप लागेल. आणि ज्याला नोंद नुसती बघायची आहे त्याला आधीची पक्की झालेली नोंद दाखवावी, उगाच बसवून ठेवू नये.

राहता राहिली आमची गाठ. ज्या कामाला दोन नोंदी लागतात तिथे दोन्ही खिडक्यांनी लहान क्रमांकाची खोली आधी उघडावी. मग मागून येणारा पहिल्याच दाराशी थांबेल, हातात दुसऱ्याचं काही न धरता. अशी गाठ पडली तर संगणकाला ती ओळखताही येते. तो एकाला मागे पाठवतो आणि दुसऱ्याला जाऊ देतो. ती सोय आपल्याकडे कुणीतरी बंद करून ठेवली आहे, ती चालू करावी.

५. दरम्यान, एक गोष्ट बाकावर घडली, ती कळवणं भाग आहे. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्ही वर, मी खाली, हे काही यांच्याकडून सुटत नाही. तुम्हीच खाली या ना. मी कुठे जातोय?"

अर्जदारानं विचारलं, आणि उजेडाचं काय? ते म्हणाले, "एक दिवा घेतो."

अर्जदाराचा टाका सुटला. बघते म्हणाली. तेव्हापासून ती बघतेच आहे, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येते आहे. घड्याळवाले मात्र एकच स्क्रू पुन्हा पुन्हा पिळत बसतात. काल नातीनं हे पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "त्या खिडकीच्या बाईंना नावं ठेवतेस, आणि स्वतः कुलूप घालून चहाला गेलीस की."

६. सबब विनंती की, अर्जदाराचा संदर्भ १ चा अर्ज मागे घेतला असं समजावं. त्याऐवजी तळमजल्याच्या खोलीच्या नोंदीत अर्जदाराचं नाव जोडावं. नोंद एकच आहे, उघडायची, लिहायची, सेव्ह करायची. अडायला दुसरं कुणी नाही. ते पक्कं झाल्यावर, वेगळं काम म्हणून, चौथा मजला धडधाकट गुडघ्यांच्या माणसाला द्यावा. घड्याळवाल्यांचा अर्ज ते स्वतः मागे घेतील, निदान तशी अपेक्षा आहे. बाकीचे उपाय आमचं काम झालं म्हणून बासनात गुंडाळू नयेत, शिंपीणबाईंचा नळ अजून गळतो आहे. बाक मात्र एक असू द्यावा.

आपली, जिना उतरायला निघालेली,
(सही) चौथ्या मजल्यावरची आजी
दिनांक : आपल्या शिक्क्यावर असेल तो

सोबत : १) मफलरचा तुकडा, नमुन्यादाखल (अख्खा मफलर फाइलीत मावत नाही). २) कोण कुणासाठी अडलंय याचं नातीनं काढलेलं चित्र.

प्रत : घड्याळवाले, तळमजला, यांना माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी. हो. दिवा मात्र अर्जदार निवडेल.