हिटरात काय घालू, माय

माय,

आज जानेवारीची सात तारीख, बुधवार, सकाळचे पावणेसहा. आत्ताच मी अंगणात तुझ्या हिटरची टाकी उलटी करून निथळली, आतून फडक्याने पुसली, वात काढून पायरीवर ठेवली आणि राखेने हात धुतले. तरी बोटांना वास आहेच. आत तुझी लेक झोपली आहे, आणि तिच्याजवळ तिची लेक. पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून ती आली. माहेर म्हणजे मी. बाबा तुझ्याही आधी गेले, आणि तुला जाऊन आता दहा वर्षे झाली, म्हणून शेक, काढा, लंगोट, टोपडे हे सगळे माझ्याकडे आले. जावई नागपूरला कामावर आहे, रविवारी येतो. शेजारची मोठीमाय दिवसातून दोनदा येते, बाळाला तेल लावते आणि मला काय काय येत नाही ते सांगून जाते.

बाळ दिवस भरायच्या आधीच आले. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांनी काही दिवस काचेच्या पेटीत ठेवले, मग ती दूध ओढायला लागली तसे घरी सोडले. वजन दोन किलोलाही थोडे कमी. निघताना नर्सबाई मला म्हणाली, "बच्ची को गरम रखना, भैया. बाकी सब इसको समझा दिया है," आणि तिने तुझ्या लेकीकडे बोट दाखवले. मी मान हलवली. घरी आलो तर इथे सकाळी तोंडातून वाफ निघते, आणि धान निघालेल्या बांध्यांवरून येणारा वारा छपराच्या कवेलूंच्या फटींतून सरळ खाटेवर उतरतो. मी बाळाच्या पायाला हात लावला. थंड. जरा वेळाने परत लावला. थंडच. धानाच्या मिलमध्ये वजनकाट्यावर ट्रकांच्या पावत्या लिहिताना माझ्या हातून कधी आकडा चुकत नाही, पण त्या दिवशी दोनदा पावती फाडावी लागली. संध्याकाळी मी माळ्यावरून तुझा हिटर उतरवला.

तो उतरवला आणि सगळे चिचगड खाली आले. मी पाच-सहा वर्षांचा असेन. तू तिथे जंगल खात्याच्या एका साहेबांकडे स्वयंपाक करायचीस. त्यांच्या बाईसाहेब थंड डोंगरातल्या. बदली झाली तेव्हा सामान बांधता बांधता त्यांनी हा हिटर तुझ्यापुढे ठेवला. गोल, माझ्या तेव्हाच्या कमरेएवढा, खाली टाकी, वर जाळी, बाजूला वात वरखाली करायची कळ. तू तो घोंगडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसली आहेस आणि मी तुझा पदर धरून उभा आहे. कंडक्टर येऊन थांबतो.

"काय वो बाई, पोट्टा उभा अन् हे मांडीवर? हे कोण होय?"

"हा लहाना होय. याले सर्दी होते."

"मंग याचं अर्धं तिकीट काढा."

"चालून दाखवलं त्यानं तर काढीन."

सगळी गाडी हसली. मी मात्र देवरीपर्यंत त्या हिटरवर रुसून होतो.

तू तो रोज लावायची नाहीस. मला खोकल्याची उबळ आली किंवा थंडी फारच पडली तरच. कंट्रोलच्या दुकानातून कार्डावर निळे रॉकेल मिळायचे, त्यातले चुलीपुरते, कंदिलापुरते काढून उरलेले हिटरचे. लावताना खिडकी चार बोटे उघडी ठेवायचीस. मोठीमाय येऊन ती लावून घ्यायची आणि तू तिच्यासमोरच परत उघडायचीस. "आगीले बी श्वास लागते. तिले बाहेरून नाई भेटला त थे आपला घेते," असे तू म्हणायचीस. एकदा पेटत्या हिटरची ज्योत बारीक झाली म्हणून मी बाटली घेऊन टाकीचे झाकण फिरवायला गेलो. तू चुलीपासून धावत आलीस आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की बाटली एकीकडे आणि मी एकीकडे. नंतर स्वतःच रडत बसलीस. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वहीचे पान फाडून मला बसवलेस आणि म्हणालीस, "तुले लिवता येते ना? मंग लिव. रॉकेल. मोठ्ठं लिव." तुला वाचता येत नव्हते, पण मी लिहिलेला तो कागद तू भाताच्या खळीने बाटलीवर चिकटवलास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलास.

आता हिटर होता, तेल नव्हते. आधी कंट्रोलच्या दुकानात गेलो. दुकानदार हसायला लागला. "रॉकेल? कोन्या जमान्यात राहून राहिला बे तू? गॅस घेतला तवाच बंद झालं थे." गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी सगळी दुकाने फिरलो. कोणाकडेच नव्हते. मिलवर विचारले तर ट्रकवाला म्हणाला, "डिझेल टाक ना. दहा टनाचा ट्रक चालते त्याच्यावर, तुहा डब्बा नाई चालन काऊन?" मला ते पटत नव्हते, पण रात्री बाळाचे नाक थंड लागले होते. म्हणून बाटलीभर डिझेल आणले आणि हिटर अंगणाच्या पार टोकाला नेऊन पेटवला. पिवळी ज्योत, तिच्या डोक्यावर काळा धूर. जाळी क्षणात काळी झाली आणि वाळत घातलेल्या दोन लंगोटांवर काजळी बसली. खोलीत असते तर ती काजळी कुठे बसली असती हा विचार करत मी ते लंगोट तीनदा धुतले.

मग जाळी घासली, नवी वात आणून बसवली. मिलमधल्या हमालाने घरचे मोहाच्या बियांचे तेल दिले, "आमच्या घरी दिवा जळते याच्यावर," म्हणाला. दिवा जळत असेल. पण पहाटेपर्यंत ते तेल टाकीत तुपासारखे थिजले आणि वातीला वर चढेचना. गॅरेजवाला मित्र म्हणाला, "डिझेलमध्ये जरासं पेट्रोल मिळव. भक्कन पेटते." तो चांगल्या मनाने सांगत होता. मी त्याच्याकडून निघालो आणि वाटेत मोटारसायकल थांबवून उभा राहिलो, कारण 'भक्कन' हा शब्द कानातून जाईना. माझ्या पाठीत तुझा हात बसला, खरेच सांगतो. रंगाच्या दुकानातला तर थिनर घालायला सांगत होता. तिथे मी थांबलोच नाही.

घरी थोडे खरे रॉकेल आहे, हे मला माहीत होते. मी कोणाला सांगितले नव्हते. तू शेवटचे आणलेले, त्याच बाटलीत, माळ्यावर जुन्या पेटीच्या मागे. बुचाला मेण लावून ठेवले होते. तू गेल्यावर किती वेळा वीज गेली, किती वेळा कंदील लावायला हवा होता, पण मी ती बाटली काढली नाही. तुझ्या लेकीलाही माहीत नव्हते. काल दुपारी मिलमधून लवकर येऊन मी ती उतरवली. कागद तपकिरी झाला होता, माझे अक्षर शाबूत होते. उजेडात धरली तर निळे कुठेच नव्हते. पिवळसर झाले होते आणि तळाशी गढूळ काहीतरी हलत होते. तरी मी ते गाळून टाकीत ओतले. अंगणातच पेटवले. पहिल्यांदा जो वास आला, माय, तो तू कंदील पुसून घरात यायचीस तेव्हाचा होता. मी डोळे मिटून उभा राहिलो. मग वात तडतडायला लागली, ज्योत उड्या मारायला लागली आणि धूर निघाला. मी कळ फिरवून विझवली. दहा वर्षे जपून मी ते खराब केले होते.

मी अंगणात तो वास घेत असताना इकडे घरात मोठीमायने खिडकी लावून घेतली होती, फटीत गोधडी कोंबली होती आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली होती. त्याच वेळी आपल्या गावची आशाताई वजनकाटा घेऊन आली. दारातच तिने नाक आवळले. मी धावत जाऊन आधी खिडकी उघडली. तिने शेगडी ओढून बाहेर काढली.

"हे कोनं ठेवलं?"

"मी ठेवलं," मोठीमाय म्हणाली. "आमाले काय पोट्टे नाई झाले? असेच झाले."

"झाले ना, मोठीमाय. पन बंद खोलीत निखारे नोको. झोपेतच जाते मानूस." मग ती माझ्याकडे वळली. "अन् अंगनात हे काय पेटवून राहिला तू?"

मी सगळे सांगितले. डिझेल, मोहाचे तेल, थिनर, जुने रॉकेल. कोणते कमी वाईट ते तूच सांग, असेही विचारले. ती सरळ जाऊन खाटेवर बसली आणि तुझ्या लेकीला विचारले, "दवाखान्यात तुले शिकवलं होतं ना? लेकराले उघड्या छातीशी कसं धरायचं?"

ती भिंतीकडे पाहत राहिली. "शिकवलं."

"मंग?"

तिने बाळाचे टोपडे सारखे केले. मग हळूच म्हणाली, "दादा घरात राह्यते ना. दाराले कडी बी नाई."

माय, मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. इतके दिवस मी गोरेगावपर्यंतचे प्रत्येक दुकान पालथे घालत होतो आणि घरात अडले होते एका कडीवर. तू असतीस तर तिने तुला पहिल्याच दिवशी सांगितले असते. मला कसे सांगणार? आणि मीही विचारले नाही, बायकांचे बोलणे म्हणून मी दूरच राहत होतो. उठलो, आडवी दोरी बांधून जाड चादर टांगली आणि दाराला कडी ठोकली. हातोडीच्या आवाजाने बाळ दचकून रडले, तर मोठीमाय म्हणाली, "ठोक, ठोक, आता घर पाडूनच दम घे." चादरीच्या पलीकडे आशाताई समजावत होती आणि तुझी लेक मध्येच हसली. ती घरी आल्यापासून मी तिचे हसणे ऐकले नव्हते.

जाताना आशाताई मला म्हणाली, "ही जेवाले, आंघोळीले उठन, तवा तू धरजो."

"मी?"

"मामा होय ना तू? कोनी बी धरू शकते. आंग गरम पाह्यजे, बस."

"घ्या!" मोठीमायने हात जोडले. "आता मामा बी बाळंतीण होते."

"होऊ द्या ना. फक्त मिलमदल्या कोनाले सांगू नका."

रात्री जेवणाच्या वेळी माझी पाळी आली. मी साबणाने हात, मान, छाती घासघासून धुतली, रॉकेलचा वास तिला लागू नये म्हणून. शर्ट काढून भिंतीला टेकून बसलो. तुझ्या लेकीने टोपडे घातलेले ते उघडे बाळ माझ्या छातीवर पालथे ठेवले, मान एका बाजूला वळवली आणि वरून घोंगडी टाकली. तीच घोंगडी, हिटरची. आधी तिचे पाय माझ्या पोटाला बर्फासारखे लागले. मी श्वासही जपून घेत होतो. मोठीमाय म्हणाली, "श्वास घे गा, मरशीन." हळूहळू ते पाय लागेनासे झाले. म्हणजे ते माझ्याइतकेच गरम झाले होते.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली, जी मी तुला कधी विचारली नाही. हिटर आला तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. खोकला तर मला त्याच्या आधीपासून होता. मग त्या आधीच्या हिवाळ्यांत तू काय पेटवायचीस? मला एक अंधारी उबदार जागा आठवते, लुगड्याच्या आत, कांद्याचा आणि रॉकेलचा वास आणि कानाशी सारखे काहीतरी धडधडणारे. इतकी वर्षे मला वाटायचे की मी ते हिटरशेजारी झोपल्याचे आठवतो. हिटर धडधडत नाही.

सकाळी पाहिले तर तुझी लेक बाळाला तशीच धरून झोपली होती. बाळाचे पाय मी पाहिले नाहीत, नाक पाहिले. गरम होते. खिडकी चार बोटे उघडी आहे. मोठीमायने रात्री जाताना ती स्वतःच तशी ठेवली. टाकीतले खराब तेल मी फाटकाच्या चौकटीला वाळवी लागली होती तिथे ओतले. हे पत्र घडी करून हिटरच्या जाळीत ठेवणार आहे. तिथे आता काही पेटणार नाही.

आतून तुझी लेक हाका मारून राहिली आहे, तिला आंघोळीला जायचे आहे. हात अजून एकदा धुऊन जातो. बाटली फेकून दिली असे मी तिला सांगितले आहे. फेकलेली नाही. रिकामी करून, बूच घट्ट लावून, होती तिथे पेटीमागे परत ठेवली. आज सकाळी एकदाच उघडली होती, वासापुरती.